इंग्रजांच्या पोलिसात म्हणे फक्त गुणवत्ता बघायचे!

"ब्रिटिश काळातले पोलीस, तेव्हा आणि आता" असा एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. त्यात चार दावे आहेत. वरची पदं खुल्या स्पर्धा परीक्षेतून भरायचे, रंग-जात न बघता. राजाचे किताब फक्त मर्दुमकीला मिळायचे. पेटीगारा नावाचा साधा पारशी माणूस चढत चढत मुंबईचा पोलीस कमिशनर झाला. आणि नेमणुकांमध्ये कुणाची लुडबुड नव्हती. मग शेवटी मोठ्या अक्षरात, "नंतर आरक्षण आलं आणि खात्याची वाट लागली." आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी हा टाकला, तोही पीएसआयची तयारी करणाऱ्या भाचीला टॅग करून. नाहीतर असल्या गोष्टींना उत्तरं द्यायचं मी कधीच सोडलंय.

आधी त्या "खुल्या" परीक्षेचं बघू, कारण सगळ्यात विषारी थाप तीच आहे. परीक्षा होती, खरंय. १८९३ पासून होती, लंडनला व्हायची आणि बसायला युरोपियन वंशाचाच उमेदवार लागायचा. म्हणजे पुण्यातला पोरगा कितीही हुशार असू दे, बोटीचं भाडं कर्ज काढून भरू दे, त्याला फॉर्मच नाही! १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन नेमलं, त्यांनी पोलीस भ्रष्ट आणि जुलमी आहेत असं सरळ लिहिलं आणि उपाय काय, तर हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांसाठी डेप्युटी सुपरिंटेंडंट अशी वेगळी खालची पायरी काढा, वरची युरोपियनांचीच राहू दे. हिंदी उमेदवाराला वरच्या केडरच्या परीक्षेचं दार उघडलं ते १९२० च्या सुमारास. म्हणजे पंचवीसेक वर्षं त्या परीक्षेत गोऱ्यांना शंभर टक्के आरक्षण होतं. मामा, याला आरक्षण नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

आता किताब. एडवर्ड्स नावाच्या माणसाने मुंबई पोलिसांचा १६७२ ते १९१६ असा इतिहास लिहिलाय, १९२३ मध्ये छापलेला. हा स्वतः १९०९ ते १९१६ मुंबईचा कमिशनर, म्हणजे इंग्रजांवर जळणारा कुणी नव्हे. पुस्तक पूर्ण नका वाचू, नुसती अनुक्रमणिका बघा. शेवटची सात प्रकरणं एकेका प्रमुखाच्या नावाची आहेत आणि नावापुढे किताब. सर फ्रँक सूटर, सीएसआय (म्हणजे 'स्टार ऑफ इंडिया'चा किताब). व्हिन्सेंट, सीआयई (हा 'इंडियन एम्पायर'चा). केनेडी, सीएसआय. गेल, एमव्हीओ. खुद्द एडवर्ड्स, सीएसआय आणि सीव्हीओ. यातले एमव्हीओ आणि सीव्हीओ हे रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरचे, राजघराण्याच्या व्यक्तिगत सेवेसाठी द्यायचे. युवराज १९०५ ला मुंबईत उतरले गेलच्या काळात, राजा १९११ ला उतरला एडवर्ड्सच्या काळात. तुम्हीच जोडा.

त्या सातांत नावापुढे एकही अक्षर नसलेले कोण? त्यातला एक चार्ल्स फॉर्जेट, ताडदेवच्या फॉर्जेट स्ट्रीटवाला. हा अँग्लो-इंडियन, इथेच वाढलेला, इथल्या भाषा घरच्यासारख्या बोलणारा, वेष पालटून शहरात हिंडायचा. १८५७ मध्ये मुंबईतल्या शिपायांचा कट यानेच हुडकला आणि दोघांना तोफेच्या तोंडी दिलं. माझी त्याच्याबद्दल काही भक्ती नाही, पण साम्राज्याच्या हिशोबाने याच्याएवढं काम कुणी केलं होतं? शहरातल्या शेठ लोकांनी त्याला थैल्या दिल्या. 'सर' झाला त्याच्यानंतर आलेला सूटर.

सूटरची मर्दुमकी मात्र मान्य करतो, नाइलाजाने. माणूस भित्रा नव्हता, स्वतः पुढे राहून लढायचा. पण लढला कुणाशी? ११ नोव्हेंबर १८५९ ला सिन्नर तालुक्यात मिठसागरेला त्याने भागोजी नाईक आणि त्याच्या माणसांना गाठून मारलं. आणि हा नांदूर शिंगोटेचा भागोजी आधी कोण होता माहितीये? अहमदनगर पोलिसातलाच अधिकारी! दंग्याच्या आरोपात तुरुंगात घातला, सुटून आल्यावर बंडात गेला. एकाच खात्यातले दोघं, एकाला सीएसआय आणि नाईटहुड, दुसऱ्याला गोळी. हे त्या फॉरवर्डमध्ये कसं येणार.

हिंदी माणसांना काहीच मिळायचं नाही असं मी म्हणत नाहीये. १९०९ ला सुरू झालेलं किंग्ज पोलीस मेडल हिंदी शिपायांनाही मिळालं. पण सहसा काय मिळायचं, तर रावसाहेब, रावबहादूर, खान बहादूर. हे व्हाइसरॉय द्यायचा. सूटरच्या हाताखाली मुंबईच्या डिटेक्टिव्ह कामाचा गाडा ज्याने ओढला तो मीर अब्दुल अली खान बहादूरच राहिला.

पेटीगारा? माणूस खरा, खालून वर चढला हेही खरं, कर्तबगार होता, सीआयईसुद्धा मिळाली, मेट्रो सिनेमाजवळ पुतळा आहे, जाऊन बघा. पण झाला डेप्युटी कमिशनर, क्राइम ब्रँचचा. कमिशनरच्या खुर्चीत तेव्हा पॅट्रिक केली होता, १९२२ ते १९३३, आणि तोही 'सर'.

लुडबुड नव्हती म्हणे. एडवर्ड्स तर पोलिसातला नव्हताच, आयसीएसवाला, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला मुलकी अधिकारी, सरकारने बाहेरून आणून बसवला. खात्यात वर्षानुवर्षं राबलेल्या साहेबांना काय वाटलं असेल ते सोडा.

मुंबईला पहिला हिंदी पोलीस कमिशनर मिळाला तो जे. एस. भरुचा, १९४७ मध्ये. मुंबई प्रांताचा पहिला हिंदी आयजीपी, म्हणजे सगळ्या प्रांताच्या पोलिसांचा प्रमुख, एन. एम. कामटे, तोही १९४७ मध्येच. भाचीला मी ही दोन नावं पाठवलीत, मामांना एडवर्ड्सची अनुक्रमणिका.