हॉस्पिटल कॅम्पसमध्ये आहे, पण यंत्राला हात लावू देतात का?

ऐरोलीच्या एका पालकांनी विचारलंय: मुलीला बायोमेडिकल इंजिनिअरिंगसाठी मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज घ्यावं की हॉस्पिटल असलेलं अभिमत विद्यापीठ? हॉस्पिटल शेजारी आहे एवढ्यावर ठरवू नका. बऱ्याच ठिकाणी व्हेंटिलेटर, डायलिसिस मशीन वार्षिक देखभाल करारावर कंपनीकडे असतात. झाकण उघडतो तो कंपनीचा इंजिनिअर, विद्यार्थी लांबून बघतात. म्हणून हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात जाऊन विचारा, इंटर्न किती आठवडे असतात आणि कॅलिब्रेशन (यंत्राचं माप अचूक आहे का ते तपासून जुळवणं) स्वतः करतात का.

मग प्रयोगशाळा. इलेक्ट्रिकल सेफ्टी अ‍ॅनालायझर आणि पेशंट सिम्युलेटर आहेत का, आणि ते वापरात आहेत का, ते बघा. पहिलं यंत्रातली वीजगळती मोजतं, दुसरं रुग्णाच्या शरीरासारखे सिग्नल तयार करतं. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या सीएफ प्रकारच्या भागाला सामान्य स्थितीत रुग्णाकडे जाणाऱ्या गळती प्रवाहाची मर्यादा फक्त १० मायक्रोअँपिअर असते. हे मोजायला हाताने शिकावं लागतं, पुस्तकातून येत नाही. ईसीजी अ‍ॅम्प्लिफायर विद्यार्थी स्वतः जोडतात का, हेही विचारा. वीजपुरवठ्यामुळे सिग्नलमध्ये येणारी ५० हर्ट्झची घरघर घालवताना जे शिकायला मिळतं ते तयार किटवर मिळत नाही.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था. नॅकची श्रेणी कॉलेज किंवा विद्यापीठाला असते, एनबीएचं मानांकन त्या शाखेला. बायोमेडिकलचं वेगळं तपासा, मुदतीसह. पुढे गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) द्यायची असेल तर २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. त्यातले सिग्नल्स, कंट्रोल, इलेक्ट्रॉनिक्स अभ्यासक्रमात नीट आहेत का, ते पडताळून पाहा. आणि कॅप फेरीची (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) तारीख अभिमतच्या फी भरण्याच्या तारखेनंतर येत असेल, तर फी परतीचे नियम आधी लेखी घ्या.