आमदाराच्या ‘व्होटिंग रेकॉर्ड’चं ते कार्ड खोटं आहे, एकेक ओळ घेऊन सांगतो

गेल्या आठवड्यापासून एकच कार्ड फिरतंय. गावच्या ग्रुपवर, मुंबई मंडळाच्या ग्रुपवर, मामेभावाच्या सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे तेच. वर आमच्या आमदारांचा फोटो, त्याखाली मोठ्या अक्षरात ‘तुमच्या आमदाराने विधानसभेत कसं मतदान केलं बघा’ आणि खाली सहा ओळी. गोवंश हत्याबंदी २०१५, बाजूने. जादूटोणाविरोधी कायदा, विरोधात. सामाजिक बहिष्कार कायदा, गैरहजर. प्लास्टिक बंदी २०१८, विरोधात. आरेची झाडं तोडायला, बाजूने. पश्चिम घाट इको सेन्सिटिव्ह झोन, विरोधात. हिरव्या खुणा, लाल फुल्या, आणि तळाला ‘विधानसभेच्या अधिकृत नोंदीतून’.

आधीच सांगतो, मी या आमदारांना कधी मत दिलेलं नाही आणि पुढच्या वेळीही देईन असं वाटत नाही. तरी लिहितोय, कारण यातली एकही ओळ कुठल्या नोंदीतून आलेली नाहीये आणि आपली शिकलेली माणसं ते पुढे ढकलतायत. बहिणीच्या सासरचा मतदारसंघ शेजारचा आहे, आमदार दुसऱ्याच पक्षाचे. तिने तिकडे फिरणारं कार्ड मला पाठवलं. फोटो वेगळा, नाव वेगळं, खालच्या सहा खुणा जशाच्या तशा, त्याच क्रमाने. दोन्ही शेजारी ठेवून बघितली तर ‘गैरहजर’ हा शब्दसुद्धा दोन्हीकडे सारखाच जरा खाली सरकलेला. म्हणजे साचा एकच आहे आणि फोटो बदलत जातायत.

आता ओळींकडे येऊ. पहिल्या दोन एकत्रच घेतो कारण दोन्हींची चूक तारखेची आहे. आमचे आमदार पहिल्यांदा निवडून आले ऑक्टोबर २०१४ मध्ये. गोवंश हत्याबंदीचं विधेयक, म्हणजे १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातली दुरुस्ती, ते विधिमंडळाने मंजूर केलं १९९५ साली, युतीचं पहिलं सरकार होतं तेव्हा. मग ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि जवळपास वीस वर्षं तिथेच राहिलं. २०१५ साली त्यावर सही झाली आणि मार्चमध्ये ते लागू झालं, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात २०१५ बसलंय. २०१५ ला सभागृहात त्याच्यावर मतदान झालंच नाही, तर आमच्या आमदारांनी बाजूने मत दिलं कुठे? १९९५ ला ते आमदार नव्हते. जादूटोणाविरोधी कायद्याचंही तेच. डॉ. दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला, त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ च्या नागपूर अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. त्या माणसाने त्यासाठी कितीतरी वर्षं घासली आणि कायदा झालेला बघायला तो राहिला नाही. तेव्हा निदान त्या कायद्याची तारीख तरी नीट लिहा. २०१३ ला आमच्याकडे आमदार दुसरे होते.

तिसरी ओळ, सामाजिक बहिष्कार. यावर जरा थांबतो कारण हा विषय आमच्या कोकणातला आहे. गावकीने वाळीत टाकणं म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, दुकानात सामान द्यायचं नाही, विहिरीवर कोणी बोलायचं नाही, मयताला कोणी यायचं नाही, आणि गणपतीत त्या घरी आरतीला कोणी गेलं तर त्यालाही दंड. रायगड जिल्ह्यातून अशा केसेस एकामागून एक बाहेर आल्या आणि त्यातून हा कायदा झाला. १३ एप्रिल २०१६ ला, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही होऊन २०१७ च्या जुलैत लागू झाला. आता कार्ड म्हणतं आमदार गैरहजर. एकमताने मंजूर याचा अर्थ विरोधात कोणी नव्हतं एवढाच, त्या क्षणी बाकावर कोण होतं आणि कोण कँटीनमध्ये होतं हे त्यातून कळत नाही. हजेरीची सही दिवसाची असते, एका विधेयकाची नसते. सकाळी सही करून दुपारी निघून गेलेला माणूस कागदावर हजर असतो. त्यामुळे ‘गैरहजर’ हे नोंदीतून काढलंय म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, आणि आमदार हजर होते असं मी म्हटलं तर तेही मला सिद्ध करता येणार नाही.

चौथी आणि पाचवी पटकन. प्लास्टिक बंदी ही सरकारने काढलेली अधिसूचना होती, २३ मार्च २०१८ ची, आणि ती २००६ च्या अविघटनशील कचऱ्याच्या कायद्याखाली काढलेली. कायदा आधीपासून होता, सरकारने त्यातला अधिकार वापरला, त्यासाठी सभागृहात मतदान घ्यावं लागत नाही आणि झालंही नाही. आरेचं तर विधानसभेशी काही देणंघेणं नव्हतं. झाडं तोडायची परवानगी दिली मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने, १९७५ चा झाडांचा कायदा आहे त्याखाली, आणि २९ ऑगस्ट २०१९ ला तिथे मतदान झालं, ८ विरुद्ध ६. तिथे नगरसेवक आणि तज्ज्ञ सदस्य बसतात. ४ ऑक्टोबरच्या रात्री करवती चालल्या आणि ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. आपल्या चाकरमान्यांना त्याचं दुःख आहे ते मला कळतं, माझा भाऊ त्या रात्री तिथे गेला होता. पण कोकणातला आमदार त्या मतदानात असूच शकत नव्हता.

सहावी ओळ, पश्चिम घाट. हीच मला सगळ्यात जास्त लागली. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन २०१३ चा, आणि त्यानंतर घाटातला कुठला भाग इको सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरायचा यावर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मसुद्यावर मसुदे काढलेत. २०१४ चा एक आणि मग पुढचे, ३१ जुलै २०२४ चा सहावा. त्यात सहा राज्यं मिळून ५६ हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र आहे आणि त्यातलं १७,३४० महाराष्ट्रात. ही अधिसूचना १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालची, म्हणजे केंद्राची. राज्य सरकार आपलं म्हणणं कळवतं, अमुक गावं वगळा तमुक ठेवा असं, पण ती मंत्रालयातली फाइल असते, विधानसभेत त्याचं ‘बाजूने-विरोधात’ होत नाही. याच मधल्या काळात आमच्या जिल्ह्यांत काय झालं ते सगळ्यांना माहितीये, २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये, १९ जुलै २०२३ ला खालापूरची इर्शाळवाडी. डोंगर खाली आला की आपण आमदाराला विचारतो, बरोबरच आहे ते, पण विचारायचं काय हेच या कार्डाने चुकवलंय.

आता मूळ गोष्ट. आमदाराने ‘कसं मतदान केलं’ अशी नोंद आपल्याकडे जवळपास नसतेच. मी एकदा पास काढून प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो, मोबाईल बाहेर जमा करून. मंत्र्यांनी विधेयक मांडलं, दोघं-तिघं बोलले, आणि मग अध्यक्षांच्या जागी खुर्चीत बसलेले तालिका अध्यक्ष एका दमात म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत आहे, विधेयक संमत झाले. मी कठड्यावरून पुढे वाकून बघत होतो कोण होय म्हणतंय ते. एक सलग ‘होऽऽय’ आला, कुठूनतरी एक ‘नाही’ आला, आणि मला एकाचंही तोंड धरता आलं नाही. मध्ये टेबलावर प्रतिवेदक लिहून घेत होते, त्यांच्याही कागदावर कोण होय आणि कोण नाही हे जाणार नव्हतं, विधेयक संमत झाले एवढंच. याला आवाजी मतदान म्हणतात आणि आपली बहुतेक विधेयकं अशीच होतात. विधेयकाचं सोडा, १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजीनेच झाला होता, त्यावरून केवढा गदारोळ झाला, काँग्रेस आणि शिवसेना मतविभागणी, म्हणजे मतांची मोजणी, मागत राहिले. सरकार टिकलं की नाही हेसुद्धा आवाजाने ठरलं तर तुमच्या-माझ्या आमदाराचं प्लास्टिकवरचं मत कोण लिहून ठेवणार?

मोजणी होते तेव्हा होते. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९. तिथे कोण कुठल्या बाजूला उभं होतं हे सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं. तसली नोंद दाखवून कोणी आमदाराला जाब विचारला तर मी त्याच्या बाजूला उभा राहीन.

ग्रुपवर यावर एका दादांनी विचारलं की अमेरिकेत तर प्रत्येक आमदाराचं असं कार्ड असतं, मग आपल्याकडे का नसावं. प्रश्न चांगला आहे. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, जायच्या आधी २०२१ ते २०२३ मिशिगन राज्याच्या सभागृहात होते. मिशिगनच्या राज्यघटनेतच लिहिलंय की विधेयकाच्या अंतिम मंजुरीला कोणी कसं मत दिलं ते नावानिशी कामकाजाच्या पुस्तकात घालायचं. त्यामुळे ठाणेदारांनी कुठल्या विधेयकाला काय मत दिलं हे डेट्रॉइटमधला कोणीही माणूस काढून बघू शकतो, आणि तिथल्या पर्यावरणवाल्या संस्था त्यावरून मार्कं देतात. आपल्या कार्डाचा साचा तिकडचाच आहे असं मला वाटतं. साचा आणला, पण आत भरायला नोंदच नव्हती, म्हणून मनाने भरली.

आणि समजा उद्या नोंद सुरू झाली तरी एक अडचण राहते, व्हिप, म्हणजे सभागृहात असंच मत द्या हा पक्षाचा आदेश. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, दहावी अनुसूची. पक्षाने व्हिप काढला आणि आमदाराने उलट मत दिलं किंवा मतदानाला थांबलाच नाही, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की असा व्हिप सरकार टिकायच्या मतदानापुरता किंवा ज्या कार्यक्रमावर पक्षाने मतं मागितली त्या मुद्द्यांपुरताच असावा, तरी एरवीही व्हिप निघतातच. म्हणजे आमदाराचं मत आपण वाचायला जावं तर बऱ्याचदा ते पक्षाचं मत निघेल.

मग आमदाराचं स्वतःचं काय म्हणून बघायचं? बोलणं. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजीनेच मंजूर झालं, तरी डहाणूचे माकपचे विनोद निकोले यांनी त्याला विरोध केला हे सगळ्यांना माहितीये. का? तर ते उभे राहून बोलले. नोंद झाली ती बोलण्याची. तसंच प्रश्नांचं, तातडीच्या विषयावरच्या लक्षवेधीचं, बजेटमधल्या मागणीवरच्या कपात सूचनेचं. तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या याद्या विधानमंडळाच्या साइटवर मिळतात, मी दोन रात्री बसून आमच्या आमदारांचं नाव शोधलं. तिथेही सावध राहा, एकाच प्रश्नाखाली दहा-बारा आमदारांची नावं असतात, त्यामुळे ‘इतके प्रश्न विचारले’ हा आकडा फुगतो. पहिलं नाव कुणाचं आहे आणि उपप्रश्नाला कोण उठलं ते बघायचं. मला दरडग्रस्त गावांच्या पुनर्वसनावरच्या एका प्रश्नात त्यांचं नाव सापडलं, सातव्या नंबरवर.

म्हणून दादा, ते कार्ड ग्रुपवरून काढा, आणि जिथे जिथे पाठवलंत तिथे चुकीचं होतं म्हणून एक ओळ टाका. बहिणीने तिच्याकडे टाकलीये. आमदार गणपतीला दरवर्षी आपल्या वाडीत येतात, नारळ ठेवतात, पाच मिनिटं बसतात. यंदा चहा झाला की मी त्यांना एवढंच विचारणार आहे, २०२४ च्या मसुद्यावर हरकतींसाठी साठ दिवस होते, तुम्ही काही लिहून पाठवलंत का, आणि आपल्या तालुक्यातली कुठली गावं ठेवा म्हणालात आणि कुठली काढा म्हणालात. पाठवलं असेल तर त्याची पोचपावती असणार, ती फोटो काढून ग्रुपवर मी स्वतः टाकेन. तुम्ही पण या त्या दिवशी, एकट्याने विचारलं की ते हसून उठतात.