काकू, तुमचं अर्धं म्हणणं एकदम कबूल

काकू, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि लगेच तावातावाने उत्तर टाइप करायला घेतलं, मग पुसलं, बरं झालं पुसलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी बाळाला अंगावर पाजण्यावरच्या लेखात ‘बाळ मागेल तेव्हा पाजा’ लिहिलं, ते सुनेने वाचलं, नातू चौथ्या दिवशी नुसता झोपून, काही मागेचना, म्हणून कोणी उठवलं नाही आणि डॉक्टरकडे नेल्यावर कळलं की वजन उतरलंय आणि कावीळही आहे. शिवाय किती मिली आणि किती वाजता ते मी कुठेच लिहिलं नाही, ‘आमच्या वेळी घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजायचो, पोरं वाढली की नाही?’

पहिल्या मुद्द्यावर माझंच चुकलं. खरं कारण सांगू का, माझी लेक भर मे महिन्यातली, भांडुपच्या त्या भट्टीसारख्या खोलीत दर दीड तासाला भोकाड पसरायची, तिला उठवायची वेळ कधी आलीच नाही, त्यामुळे लिहिताना न मागणारं बाळही असतं हे डोक्यातच आलं नाही. पण असतं. जन्माचं वजन परत भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दोन आठवडे, २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं व्हायलाच हवं आणि तीन तासांच्या वर बाळ झोपलं तर उठवायचं, रात्रीसुद्धा. काविळीत तर हे फारच गरजेचं कारण कावीळ झालेलं बाळ जास्त पेंगतं, पेंगतं म्हणून कमी पितं, कमी प्यायलं की शी कमी होते आणि कावीळ बाहेर पडते ती बरीचशी शीवाटेच, म्हणजे ती आणखी चढते. उठवायचं म्हणजे दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा, उघडं करून आईच्या छातीशी धरा. तरीही उठेना, ओढेना, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर.

आता तुमचं घड्याळ. उठवण्यासाठी लावा, जरूर लावा. पण एका तासातच बाळ तोंड वळवून शोधायला लागलं, मुठी चोखायला लागलं आणि आपण म्हणालो ‘आत्ताच तर प्यायलं, तीन तास कुठे झालेत’, तर ते मला नाही पटत काकू. रडणं ही भुकेची शेवटची खूण, तोवर थांबलं की बाळ चिडतं आणि मग धड ओढतही नाही. संध्याकाळी तर काही बाळं तास-दोन तास सुटतच नाहीत, लगेच घरात सुरू, हिला दूध पुरत नाही. अहो जितकं ओढलं जातं तितकं बनतं, साधा हिशोब आहे.

आणि मिली! अंगावरच्या दुधाला कुठून माप आणणार? पहिल्या दिवशी चीक येतो तोच एका वेळेला २ ते १० मिली, म्हणजे अर्धा ते दोन चमचे, आणि त्याला तेवढाच हवा असतो. आपल्याकडे तो बघून कोणीतरी पावडरचा डबा आणायला खाली धावतं. चौथ्या दिवसापर्यंत हेच एका वेळेला ३० ते ६० मिलीपर्यंत जातं. त्यापेक्षा लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान ६ ओले, काळी शी बदलत बदलत पिवळी झालेली. (पहिला आठवडा सुती लंगोटच बरे, डायपरमध्ये सू किती झाली काही पत्ता लागत नाही.) वजन सगळ्याच बाळांचं थोडं उतरतं, ३ किलोचं बाळ २८०० ग्रॅमवर आलं तर सहसा चालतं पण १० टक्क्यांच्या आसपास गेलं तर तपासायलाच हवं. १० ते १४ दिवसांत ते भरून यावं, मग पुढे रोज २०-३० ग्रॅम.

डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर बिनधास्त द्या, त्यात सुनेचा काही कमीपणा नाही. फक्त आधी तिचंच दूध काढून वाटी-चमच्याने देता येतंय का ते विचारा आणि पावडर असेल तर डब्यावरचं माप तंतोतंत, पुरवायला म्हणून पातळ करायची नाही. आईचं दूध अशा बाळांसाठी किती मोलाचं ते मुंबईच्या सायन हॉस्पिटलला जाऊन बघा, तिथे १९८९ पासून दूधपेढी आहे, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना देतात, आशियातली पहिली.

पाणी, गुटी आणि मधाचं बोट द्यायचं नाही, यावर मात्र मी एक इंचही हलणार नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं, मुंबईच्या उकाड्यातही वेगळा घोट लागत नाही, आणि मधाने वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो, तो चाटवायचाच नाही.

लेखातलं ते वाक्य आज सकाळी बदललंय, ‘झोपाळू बाळाला उठवा’ अगदी वर टाकलंय. सुनेला एवढं सांगा की चूक लिहिणारीची, तिची नाही, ती बिचारी आधीच रडून रडून अर्धी झाली असेल. परवा वजन करायला नेणार म्हणालात ना, किती भरलं ते ग्रॅममध्ये कळवा, वाट बघतेय.