वेबसाइटचाही सातबारा असतो, पण मालकाचा रकाना झाकलेला

गट नंबर माहीत असला की कुणाच्याही शेताचा सातबारा मोबाइलवर फुकट बघता येतो. मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कोणत्या बँकेचा, सगळं भावकीला दिसतं. पण ज्या वेबसाइटवर आपण आधार नंबर टाकतो, पैसे भरतो, तिचा मालक शोधायला गेलं की बहुतेक वेळा रकान्यात एवढंच: 'रेडॅक्टेड फॉर प्रायव्हसी', म्हणजे खासगीपणासाठी झाकलेलं. मला हे पटत नाही.

परवा गावाकडच्या ग्रुपवर कुसुम सोलर पंपाची लिंक फिरत होती. चुलतभावाचा फोन, "दादा, भरू का पैसे?" रात्रीच्या लाइटवर दारं धरून कंटाळलेला माणूस, त्याला पंप पाहिजेच. या योजनेच्या नावानं खोट्या वेबसाइट निघतात, केंद्राच्या मंत्रालयानंही तसा इशारा दिलेला आहे. ही लिंकही मला तसलीच वाटली.

डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंद आयकॅनच्या लुकअप पानावर कुणालाही बघता येते. आयकॅन म्हणजे जगभरच्या डोमेनचा कारभार बघणारी संस्था. शेवटी 'डॉट इन' असेल तर भारतातली डोमेन सांभाळणाऱ्या निक्सीच्या रजिस्ट्रीकडं. मालकाचं नाव नसलं तरी नोंदणीची तारीख असते, आणि ती बरंच बोलते. कुसुम योजना २०१९ची, अन् ही साइट गेल्या पंधरवड्यातली! भावाला म्हटलं, एक रुपया टाकू नको.

नावसुद्धा शेवटाकडून वाचायचं. बहुतेक खऱ्या सरकारी साइटच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असतं. 'गव्ह'च्या आधी डॉटऐवजी डॅश असला की तो खासगी माणसाचा कारभार. आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर आहे त्याच्या नंबरवरून, शोधायला गेलात तर बहुधा सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचंच नाव निघतं, भाडेकरूचं नाही.

पूर्वी असं नव्हतं. हूइज नावाची ही सोय १९८२ पासूनची. डोमेन घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन उघड दिसायचा. २०१८च्या मे महिन्यात युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला आणि जगभर बहुतेक नावं झाकली गेली. २०२५च्या जानेवारीत डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी हूइजची सक्तीही संपली, त्या जागी आरडॅप नावाची नवी सोय आली. झाकण तेच राहिलं.

झाकण्याला माझा सरसकट विरोध नाही. परभणीची एखादी पोरगी स्वतःचा ब्लॉग लिहिते, तिचा घरचा पत्ता जगाला कशाला पाहिजे? पण जो साइटवर पैसे घेतो त्याला हा आडोसा का? मोंढ्यातल्या आडत्यालाही परवाना लागतो. धंद्याच्या डोमेनवर मालकाचं नाव उघड पाहिजे आणि ते तपासलेलंही पाहिजे. डॉट कॉमला आज ईमेल नाहीतर फोन चालू आहे एवढं बघितलं तरी भागतं. तलाठ्यानं एवढ्यावर फेरफार ओढला असता तर गावात कुऱ्हाडी निघाल्या असत्या.

कुणी म्हणेल, पोलिसांना माहिती मिळतेच की. मिळते, पण तोवर साइट बंद आणि दुसऱ्या नावानं चालू. नोंदीत रजिस्ट्रार कंपनीचा, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, तक्रारीचा ईमेल आणि फोन मात्र उघड असतो. एप्रिल २०२४ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनवरच्या फिशिंगचा, म्हणजे खोट्या साइटनं माहिती किंवा पैसे उकळण्याचा, पुरावा मिळाला की त्यांना कारवाई करावी लागते. स्क्रीनशॉट जोडून लिहा, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.

आणि पैसे गेलेच असतील तर मालक शोधत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं.