कॉलेजला युनिफॉर्म नाही म्हणे!

शाळेचा युनिफॉर्म परवडला. जूनमध्ये दोन जोड शिवायचे, खाली दुमडीत थोडा कपडा सोडून ठेवायचा, पुढच्या वर्षी उसवला की परत चालू. आणि वर्गात डॉक्टरची मुलगी काय नि रिक्षावाल्याची काय, दोघी निळ्याच. कॉलेजला युनिफॉर्म नाही हे फक्त प्रॉस्पेक्टसमध्ये. प्रत्यक्षात आहे, चांगला कडक आहे, दर सहा महिन्यांनी बदलतो आणि कुठल्याही नोटीस बोर्डवर लागत नाही, तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे, नाही कळलं तर कॅन्टीनमध्ये कळवतात.

सध्याचा ऐका. खाली बॅगी जीन्स, एवढी बॅगी की मागून जमीन झाडली पाहिजे, वर आखूड टॉप नाहीतर भावाचा वाटेल असा टीशर्ट, पांढरे शूज, खांद्याला टोट बॅग ज्यात एक वही पण नीट मावत नाही. पावसाळ्यात पांढरे शूज! ठाणे जिल्ह्यात! ज्याने कोणी हा ट्रेंड काढला त्याला एकदा जुलैमध्ये कळव्याहून ऐरोलीला आणा यार. कॉलेजसाठी मी रोज तेच करते. बस विटाव्याहून जाते आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दर पावसाळ्यात पाणी भरतं, हे या पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही माहितीये. पाणी भरलं की बस गेली खड्ड्यात, मग कळव्याहून ठाणे, ठाण्याला पूल चढून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, तिथून ट्रान्सहार्बर लोकल. लेडीज डब्यात चढताना मागच्या काकू माझ्या जीन्सच्या टोकावर उभ्या असतात, मी पुढे आणि जीन्स मागे. ऐरोलीला उतरेपर्यंत गुडघ्यापर्यंत चिंब. शूजबद्दल बोलतच नाही.

बरं भिजली तर भिजली, पण वाळणार कुठे? वन रूम किचन आहे आमचं. जाड डेनिम जुलैमध्ये तीन दिवस वाळत नाही. पंख्याखाली दोरी बांधून टाकायची, रात्री फ्रिजच्या मागे सरकवायची, सकाळी अर्धी ओली असतानाच इस्त्री फिरवायची, मग शिवणीतून वाफ निघते आणि तो कुबट वास तसाच राहतो. वर डिओ मारला की कुबट अधिक गुलाब. त्या दिवशी लेक्चरला मागच्या बाकावरून एकीने नाक उडवत विचारलं, "कसला वास येतोय गं, कुत्रं भिजलंय का?" आणि सगळ्या खिदळल्या. ही पोरगी घोडबंदर रोडच्या टॉवरमधून गाडीने येते. घरी ड्रायर असलेलं मशीन. तिला काय कळणार डेनिम वाळणं काय असतं ते. माझी साधी कॉटनची सलवार दोन तासांत वाळते हो, पण ती घातली की "आज काय पूजा आहे का घरी?" नाहीतर सरळ "काकूबाई". म्हणजे वास आला तरी बोलणार, नाही आला तरी बोलणार.

आणि मुलांचं तर त्याहून वाईट. आमच्या वर्गात दिव्याहून एक जण येतो, हुशार आहे, अकाउंट्सला सगळे त्याच्याच वह्या उतरवून काढतात, पण तो स्किनी जीन्स घालतो आणि केस थोडे ब्राउन केलेत, झालं, छपरी. तीन वर्षांपूर्वी हीच जीन्स घालून हेच लोक मॉलमध्ये मिरवत होते, फोटो अजून इन्स्टावर आहेत, खाली जाऊन बघा. तेव्हा स्टाइल होती, आता त्याने घातली तर छपरी. जीन्स तीच, पोरगा कुठून येतो त्यावर नाव बदलतं. त्याच्यासमोर वही मागताना मात्र "भाई, भाई".

कुठलीही नवीन गोष्ट घातली की पहिला प्रश्न "छान आहे का" हा नसतो, पहिला प्रश्न "कुठून घेतलंस?" मी एकदा सरळ सांगितलं, उल्हासनगर, गजानन मार्केट. तोंडं अशी झाली की मी उकिरड्यावरून उचललाय. अरे बाळांनो, उल्हासनगरात जीन्सचा केवढा धंदा आहे माहितीये का? फाळणीनंतर सिंधी लोक नेसत्या कपड्यांनिशी त्या लष्करी छावणीत येऊन राहिले आणि त्यातून हे शहर उभं राहिलं, म्हणून तर तिकडे अजून कॅम्प नंबरने पत्ते सांगतात. गल्ल्यागल्ल्यांत शिलाईची मशिनं आहेत. माझी मावशी तिकडे राहते, ती घरी बसून जीन्सचे धागे कापायचं काम घेते. शिवून झाल्यावर जे सुटे धागे लोंबतात ना, ते. मांडीवर जीन्सचा ढीग, हातात छोटी कात्री, नगावर पैसे, आणि रंगाने बोटं निळी पडतात ती भांडी घासली तरी जात नाहीत. तिच्या हाताखालून गेलेली जीन्स पुढे कुठल्या दुकानात कुठलं लेबल लावून लटकते हे तिलाही माहिती नाही. आणि ह्यांना उल्हासनगर म्हटलं की हसू येतं.

त्यावर कडी म्हणजे थ्रिफ्ट. हे नवीन खूळ. कोणीतरी घातलेला जुना चेक्सचा शर्ट इन्स्टावरून 700 रुपयांना मागवायचा आणि वर्गात सांगायचं "थ्रिफ्टेड आहे", अभिमानाने. माझी आई असले शर्ट बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेते, आणि तिथेही घासाघीस करून झाकण वेगळं मागते. मी लहानपणापासून मामेबहिणीचे जुने ड्रेस घालत आले, ते काय होतं मग? तेव्हा मला कोणी कूल म्हटलं नाही. जुनं घालायची हौस असेल तर फॅशन, घालावं लागत असेल तर गरिबी, एवढाच हिशोब आहे.

हे झालं पोरापोरींचं. वरून कॉलेज. कॉलेजला वाटतं आम्ही फारच सुखात आहोत, म्हणून ते मधूनच एक सूचना काढतात, "सभ्य व शोभनीय पोशाख". शोभनीय म्हणजे काय ते गेटवर उभ्या असलेल्या वॉचमन काकांच्या मूडवर. एकीला बिनबाह्यांच्या कुर्त्यावरून परत पाठवलं, तिच्या मागून स्पॉन्सर आणणारा कल्चरल कमिटीवाला फाटक्या गुडघ्याची जीन्स घालून आत गेला, त्याला सलाम.

आणि हे आमच्याच कॉलेजचं नाही, सगळ्यांनाच कपड्यांची खाज आहे. 2024 मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज बंद केले. पोरी हायकोर्टात गेल्या, तिथे याचिका फेटाळली, लगेच कॉलेजने फाटक्या जीन्स, टीशर्ट आणि जर्सी पण बंद केल्या, मग पोरी सुप्रीम कोर्टात गेल्या आणि ऑगस्टमध्ये तिथे हिजाब-टोपी-बॅजच्या बंदीला स्थगिती मिळाली. म्हणजे वर्गात काय घालून बसायचं हे विचारायला दिल्लीपर्यंत जायचं. सरकारने पण डिसेंबर 2020 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स-टीशर्ट बंद केलं होतं, आणि पुढच्याच वर्षी जीन्स गुपचूप परत चालू केली. बरोबर आहे, साहेब लोकांना गैरसोय झाली की नियम बदलतो. आमची गैरसोय कोण विचारतंय.

त्यात प्रेझेंटेशनच्या दिवशी "फॉर्मल्स कम्पल्सरी". पांढरा शर्ट, काळी पँट, ब्लेझर, बंद शूज. नाही घातलं तर मार्क कापतात. कशाचे मार्क? स्लाइड्सचे की शिंप्याचे? ऑक्टोबरच्या उकाड्यात ब्लेझर घालून स्टेशनवरून चालत या, वर्गात एसी नाही, दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करतो. मी ब्लेझर मागून आणला होता शेजारच्या ताईचा, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, मॅडम म्हणाल्या "ग्रूमिंग पे ध्यान दो". का तर म्हणे कॉर्पोरेटची सवय व्हायला पाहिजे. मॅडम, कॉर्पोरेट तुमच्या खिडकीतून दिसतंय ओ! ऐरोली स्टेशनला सकाळी उभ्या राहा, माइंडस्पेस आयटी पार्कला जाणारे आयटीवाले बघा, गळ्यात आयकार्ड, अंगात टीशर्ट, पायात क्रॉक्स, एक जण तर हाफ पँटमध्ये बघितलाय मी. लाखाचे पगार घेणारे चपलेत आणि आम्ही फीचा दुसरा हप्ता भरायचाय तर ब्लेझरमध्ये. कुठली सवय लावताय नक्की?

आता डिसेंबर आला की डेज. ट्रॅडिशनल डे, साडी डे, रेट्रो डे, ट्विनिंग डे, कोणाला सुचतात कुणास ठाऊक. गेल्या वर्षी शिवलेली नऊवारी भाड्याने आणली, 500 रुपये भाडं, 1000 डिपॉझिट, वर नथ, ठुशी, गजरा, चंद्रकोर वेगळं. परत देताना काठाला चहाचा डाग सापडला म्हणून दुकानदाराने डिपॉझिटमधले 300 कापले, आणि तो डाग आधीपासून होता, मी आईशपथ सांगते. घरी पैठणी आहे आईची, लग्नातली, पण ती नेसून ट्रेनने जाऊ? आणि फाटली तर? ट्रंकेत नॅप्थलीनच्या गोळ्यांत राहू दे ती. आईला म्हटलं मी नाही जात, तर तीच म्हणाली जा गं, सगळ्या जातात, तू एकटी कशाला घरी बसतेस. तिच्या भिशीचे पैसे होते ते. ते कळल्यावर माझं असं डोकं फिरलं ना, की त्या दिवशीचा एक फोटो मी अजून कुठे टाकला नाही.

आणि आता परत. काल रात्री ग्रुपवर मेसेज, "गर्ल्स, यंदा सगळ्यांनी सेम सेम, पेस्टल ग्रीन, ऑर्गेन्झा साडी, लिंक टाकली आहे, 1800 ओन्ली, शुक्रवारपर्यंत जीपे करा." ओन्ली! माझा महिन्याचा पास, बस, वडापाव सगळं धरून तेवढं होत नाही. खाली धडाधड थम्ब्सअप. त्यातल्या निदान दोघी अशा आहेत की ज्यांनी परवाच मला झेरॉक्सला 20 रुपये मागितले होते, त्यांनी पण थम्ब्सअप टाकला, कारण पहिली नाही कोण म्हणणार.

मी टाकलं. "मला नाही जमणार, मी माझी माझी नेसून येईन." ब्लू टिक सगळ्यांची, उत्तर एकीचं नाही. मग अर्ध्या तासाने ग्रुप अॅडमिन बाईंचा रिप्लाय, "इट्स ओके, मग तू फोटो काढ ना आमचे." बरं. काढते. एकेकीची मान कापून काढते.