पैसे भरून पापमाफी? असं नाही आहे भाऊ

आपल्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला, की ख्रिस्ती लोकांत पाप करा, चर्चमध्ये पैसे भरा, झाली माफी. हे चूक आहे. बायबलमध्ये इफिसकरांस पत्र 2:8-9 मध्ये सरळ लिहून आहे, तारण (म्हणजे पापातून सुटका) कृपेनं, विश्वासाद्वारे, देवाचं दान, मग त्याला रेट कुठून लागणार? अन् "मग बिनधास्त पाप करा" असंही नाही, बायबलमधला जक्कय जकातदार (कर गोळा करणारा) आठवा, येशू त्याच्या घरी गेला तर जक्कय म्हणाला, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो, माफी विकत घ्यायला नाही, मन बदललं म्हणून. पूर्ण प्रीती भीती घालवते, हे बायबलमधलं 1 योहान 4:18, माझी झोप उडवणारी भीती याच वचनानं हळूहळू गेली, एक रुपयाही लागला नाही. मेसेज पुढं पाठवू नका प्लीज.