बोगनवेलीचं पाणी तोडू नका

‘बोगनवेल वाळवंटातली. उन्हाळाभर पाणी बंद ठेवा, फुलांनी लगडेल’ हा मेसेज मुंबईतल्या बागप्रेमींच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. वाळवंटी बागांत ती बहरते हे खरं, पण तिथे ती जमिनीत असते, मुळं खोल गेलेली. तिथेही नव्या रोपाला नियमित पाणी लागतंच. रुजलेल्या वेलीला मात्र एकदा खोलवर भिजवून, माती वाळल्यावरच पुन्हा देतात. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच.

आपल्या ग्रिलमधल्या दहा इंची कुंडीत मुळं जाणार कुठे? मागच्या मे महिन्यात मी आठ दिवस पाणी तोडलं, तर कोवळे शेंडे करपले आणि गुलाबी पानं कागदासारखी खाली पडली. (हो, ती रंगीत पानंच, खरं फूल आतलं इवलंसं, पांढरं.)

बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं की तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. बहर येत नसेल तर आधी ऊन बघा, किमान पाच-सहा तास थेट हवं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हे टाका.